एक सर्व्हर, एक फायरवॉल आणि त्यात हात घालणारे चार प्रोग्रॅम: नवीन सिसॲडमिनसाठी

लिनक्स सर्व्हर सांभाळायला लागलं की सुरुवातीला वाटतं फायरवॉल म्हणजे आपण टाकलेले रूल्स, बास. पण साध्या मशीनवरसुद्धा डॉकर (ॲप्स वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःचे रूल्स टाकतो, फेलटूबॅन चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना ब्लॉक करत बसतो, रूल्स टाकणं सोपं करणारं यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडी असतंच, कुबरनेटीस (अनेक मशीन्सवरचे कंटेनर सांभाळणारं) असेल तर त्याचा रूल्स टाकणारा क्यूब-प्रॉक्सी, आणि वर कुठल्यातरी सिनिअरने क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) टाकून विसरलेली स्क्रिप्ट. एकाच वहीत सगळे हिशेब लिहितायत आणि कोणी कोणाला विचारत नाही, असा प्रकार.

आयपीटेबल्स म्हणजे कर्नलमधले फायरवॉल रूल्स बदलायची कमांड. जुनं आयपीटेबल्स एक रूल ॲड करायचा तरी कर्नलकडून अख्खं टेबल वाचतं, त्यात बदल करतं आणि अख्खं टेबल परत लिहितं. दोघं एकदम आले की एकतर एकाला एरर मिळतो, नाहीतर एकाचा बदल गुपचूप उडतो. म्हणून १.४.२० व्हर्जनपासून लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) आला, आणि तो लगेच मिळाला नाही तर कमांड फेल होते, एक्झिट कोड ४. स्क्रिप्टमध्ये मायनस डब्ल्यू द्या, म्हणजे ती थांबून राहते, पुढे सेकंद पण देता येतात. मी बघितलेल्या निम्म्या स्क्रिप्ट्समध्ये हे नसतं आणि एक्झिट कोड तर कोणीच बघत नाही. कंटेनरमधून रूल्स बदलत असाल तर होस्टची एक्सटेबल्स डॉट लॉक ही फाइल आत माउंट करावी लागते, नाहीतर दोघं वेगवेगळे लॉक धरून खुशाल बसतात.

आता मेन गोष्ट. हा लॉक एका कमांडपुरताच असतो. लोक काय करतात, आयपीटेबल्स-सेव्हने सगळं फाइलमध्ये काढतात, एडिट करतात आणि आयपीटेबल्स-रिस्टोअर मारतात, जे आधीचं पुसून फाइलमधलं लिहितं, आणि मधल्या वेळात फेलटूबॅनने कोणाला बॅन केलं असेल तर तो बॅन गेला, फेलटूबॅनला पत्ताच नाही, त्याच्या हिशेबी तो माणूस अजून ब्लॉकच आहे. त्यामुळे स्वतःची वेगळी चेन (रूल्सची यादी) बनवा, मेन चेनमधून तिच्याकडे फक्त एक जंप, आणि रिस्टोअर करताना नोफ्लश (बाकीचं पुसू नको) देऊन फाइलमध्ये तेवढीच चेन ठेवा. दुसऱ्याच्या चेनला हात नाही म्हणजे नाही. डॉकरने तर आपल्यासाठी डॉकर-यूझर नावाची चेनच सोडलीये. कंटेनरच्या पब्लिश केलेल्या पोर्टचं ट्रॅफिक इनपुट चेनमधून (खुद्द मशीनसाठी आलेलं) न जाता फॉरवर्डमधून (पुढे पाठवायचं) जातं, म्हणून यूएफडब्ल्यूमध्ये बंद केलेला पोर्ट बाहेरून उघडा दिसतो आणि नवीन मुलं तिथे तासन्‌तास डोकं आपटतात.

आयपीटेबल्सची जागा घेणारं एनएफटेबल्स २०१४ मध्ये कर्नल ३.१३ बरोबर आलं, त्यात हे बरंच सुटसुटीत आहे. अख्खी फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाते, लागली तर सगळी नाहीतर काहीच नाही, आणि प्रत्येकाला स्वतःचं टेबल करता येतं. फक्त बऱ्याच कॉन्फिग फाइल्समध्ये वरच फ्लश रूलसेट लिहिलेलं असतं, ते डॉकरचं, फेलटूबॅनचं, सगळ्यांचंच साफ करतं. त्याऐवजी फक्त आपलं टेबल डिलीट करून त्याच फाइलमध्ये परत लिहा. आणि आपल्या टेबलमध्ये ॲक्सेप्ट दिलं म्हणजे पॅकेट सुटलं असं नाही हां, त्याच हुकवर (पॅकेटच्या वाटेतला तोच टप्पा) नंतर येणाऱ्या दुसऱ्या टेबलमध्ये ड्रॉप असेल तर ते मरतंच.

मशीन नवीन हातात आली की आधी आयपीटेबल्सचं व्हर्जन विचारा, शेवटी लेगसी (जुनी पद्धत) किंवा एनएफ-टेबल्स (आतून एनएफटेबल्स वापरणारी) असं येतं. अर्धे प्रोग्रॅम एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर असतील तर दोन्ही रूल्स खरोखर लागू असतात पण लिस्टमध्ये एकच बाजू दिसते. कोण कधी काय बदलतंय ते एनएफटी मॉनिटर लावून लाइव्ह दिसतं, पण लेगसीवाले बदल त्यात येत नाहीत.

रिमोट मशीनवर आयपीटेबल्स-अप्लाय वापरायची सवय चांगली आहे, कन्फर्म केलं नाही तर ते आपोआप जुने रूल्स परत आणतं, पण तेही अख्खं जुनं चित्रच परत आणतं, म्हणजे तेवढ्यात डॉकरने नवीन कंटेनर उठवला असेल तर त्याचे रूल्स गेले, मग डॉकर रीस्टार्ट करा.