बंद पडलेल्या स्टेडियमचा इतिहास काढायचाय? आधी नकाशा उघडा

बहुतेक जण स्टेडियमचा इतिहास लिहायला बसतात आणि सामन्यांची यादी करून मोकळे होतात. कप कोणी नेला, विक्रम कोणाचा. तो झाला संघाचा इतिहास. मैदानाचा इतिहास म्हणजे जमिनीचा इतिहास: खेळ तिथे का आला आणि तिथून का उठला. माझी सगळी नोकरी नागपुरात भूकरमापक म्हणून गेली, नझूलचे, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीचे प्लॉट मोजण्यात. त्यामुळे मी सुरुवात मोजणीपासूनच करणार.

सरावाला इंग्लंडमधल्या विगनचं सेंट्रल पार्क घ्या. पुतणी तिकडेच असते, टेस्कोतून किराणा आणते, आणि ते टेस्को उभं आहे नेमकं याच मैदानाच्या जागी. खेळ रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांची रग्बी. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, कारण सामन्यापायी खाण-गिरणी कामगारांची बुडणारी मजुरी भरून द्यायला मूळ संघटना तयार नव्हती. हे कारण विसरू नका. प्रेक्षकही कामगारच, शनिवारी चालत येणारे. म्हणून मैदानं गावाच्या पोटात. पुढे हीच जागा सोन्याच्या भावाची झाली. आपल्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे, तसंच.

सगळ्यात आधी दोन तारखा पक्क्या करा, पहिला सामना आणि शेवटचा. सेंट्रल पार्कवर पहिला ६ सप्टेंबर १९०२ ला, बॅटलीविरुद्ध. शेवटचा ५ सप्टेंबर १९९९ ला, सेंट हेलेन्सविरुद्ध. विगन २८-२० ने जिंकलं.

आता नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ब्रिटनचे जुने ऑर्डनन्स सर्वे (तिथलं सरकारी मोजणी खातं) नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून हळूहळू पारदर्शक करता येतो. पंचवीस इंची (मैलाला साधारण पंचवीस इंच) मालिका निवडा, तिचं प्रमाण १:२५००. म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर कागदावर चार सेंटिमीटर. रग्बी लीगचं मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत जास्तीत जास्त शंभर मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे कागदावर चार बाय पावणेतीन सेंटिमीटर. तुम्ही ज्याला मैदान समजताय त्या मोकळ्या चौकोनात हे बसतच नसेल, तर बाप्पा, ते कोणाचं तरी कुरण आहे. आणि समासातला मजकूर वाचा. छपाईचं साल वेगळं, पाहणीचं वेगळं. १९०५ ला छापलेल्या कागदावरची पाहणी १९०२ च्या आधीची निघाली, तर तिथे मैदान दिसणार कसं? नवीन पोरं इथेच गडबडतात.

वर्तमानपत्रं शोधताना ‘सेंट्रल पार्क’ टाकलंत की न्यूयॉर्कच्या बागेचा पूर येतो. दोन्ही संघांची नावं आणि तारीख टाका. गर्दीचे आकडेही जपून. १९५९ मध्ये सेंट हेलेन्सविरुद्धची ४७,७४७ ही सेंट्रल पार्कची विक्रमी गर्दी. पण हे अधिकृत आकडे. १९५४ ला ब्रॅडफर्डच्या ओडसल या रग्बी लीगच्या मैदानावर एका सामन्याला अधिकृत १,०२,५६९ प्रेक्षक होते, आत मात्र त्याहून बरेच जास्त घुसले होते असं सगळेच सांगतात. म्हणून लिहिताना ‘अधिकृत’ हा शब्द सोडू नका.

मैदान का गेलं, या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ‘काळाच्या ओघात’ हे कारण नव्हे. असं लिहिलेलं दिसलं की मी कागद बाजूला ठेवतो. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी स्टँड पेटून ५६ माणसं गेली, १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. सुरक्षेचे नियम कडक झाले आणि जुनी मैदानं सांभाळणं महाग पडू लागलं. गावातल्या जागेला सुपरमार्केटवाले गिऱ्हाईक तयारच होते. हॅलिफॅक्सचं थ्रम हॉल हे रग्बी मैदान असंच अॅस्डा या सुपरमार्केटकडे गेलं. गंमत म्हणजे १९८८ ते १९९५ सलग आठ वेळा चॅलेंज कप, म्हणजे रग्बी लीगचा मानाचा कप, जिंकणाऱ्या विगनचंही मैदान वाचलं नाही. कपाटातल्या कपांवर मैदान टिकत नाही, हे यादीवाल्यांना कधी कळणार?

म्हाताऱ्या प्रेक्षकांशी बोलताना ‘कसं वाटायचं?’ विचारू नका, सगळे ‘लई भारी’ म्हणतात. कोणत्या फाटकातून शिरायचे, सायकल कुठे लावायचे, लघवीला कुठे जायचे, हे विचारा. मग प्रत्येकाचं उत्तर नकाशावर टिंब देऊन मांडा. तीन जणांचं फाटक एकाच जागी आलं की धरा.

इंग्लंडमधल्या जमिनीच्या मालकीची नोंद तिथल्या लँड रजिस्ट्रीतून फी भरून कोणालाही मिळते. आपल्याकडे आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या मालकीचा उतारा काढा, नगर भूमापन क्रमांक आधी हाताशी ठेवून. हात बसला की नागपुरातल्या सिव्हिल लाईन्सचं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान घ्या. तिथे पहिली कसोटी १९६९ ला न्यूझीलंडविरुद्ध, आणि २००८ पासून कसोट्या जामठ्याच्या नव्या मैदानावर. जुनं मैदान अजून उभं आहे, म्हणून फाटकं आणि स्टँड आत्ताच मोजून, फोटो काढून ठेवा. फोटोवर तारीख आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते लिहा.