संगीत महोत्सवासाठी महापालिकेचे सहाय्य कसे मिळवावे

स्थानिक संगीत महोत्सवासाठी महानगरपालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे येणारे अनेक अर्ज कार्यक्रमाच्या महिनाभर आधी दाखल होतात आणि त्यांत एकच मागणी असते, ती म्हणजे रोख अनुदानाची. तोवर वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर होऊन गेलेला असतो. रोख रक्कम ही महापालिकेकडून मिळणारी सर्वांत अवघड गोष्ट असल्याने असा अर्ज फाइलीत पडून राहतो, आणि आयोजक मात्र ‘पालिकेला कलेची कदर नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. महाराष्ट्रातील पालिकांकडून मदत मिळवायची असेल, तर आधी जागा व सेवा मागाव्यात, पैशांची मागणी त्यानंतर करावी, आणि दोन्ही मागण्या अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकात बसवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालिकेला असा खर्च करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न लेखा विभाग हमखास विचारतो. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा विषय अनुक्रमांक 13 वर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये कलम 63 खाली बंधनकारक आणि कलम 66 खाली ऐच्छिक कर्तव्ये दिली आहेत. नगरपरिषदांसाठी 1965 च्या अधिनियमातील कलम 49 अशीच विभागणी करते. संगीत महोत्सव ऐच्छिक बाजूला पडतो. म्हणून तो हक्काने मागता येत नाही, आणि पाणीपुरवठ्यासाठी पैसा कमी पडू लागला की कात्री प्रथम येथेच लागते. असे असूनही ठाणे महानगरपालिका पं. राम मराठे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीत महोत्सव भरवते आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘स्वरसागर’ महोत्सवाचे आयोजन केलेले आहे. ही उदाहरणे अर्जात द्यायला हरकत नाही. मात्र ते पालिकेचे स्वतःचे उपक्रम आहेत आणि खासगी संस्थेला दिलेले अनुदान ही वेगळी बाब आहे, हे लेखापरीक्षकाला ठाऊक असते. तेव्हा आपण संयुक्त आयोजन मागतो आहोत, अनुदान मागतो आहोत की केवळ सुविधा, हे पहिल्याच परिच्छेदात ठरवून लिहावे.

आता वेळापत्रक. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, पण त्याची जुळवाजुळव आधीच्या हिवाळ्यात चालते: विभाग आपापल्या मागण्या पाठवतात, आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात आणि शेवटी ते सर्वसाधारण सभेत मंजूर होते. या साखळीतील कळीचा शब्द ‘लेखाशीर्ष’, म्हणजे अंदाजपत्रकातील त्या-त्या खर्चाचे स्वतंत्र सदर, हा आहे. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी लेखाशीर्ष आणि त्याखाली तरतूद असेल तरच खर्च पडू शकतो; नसेल तर अधिकारी कितीही रसिक असले तरी त्यांचे हात बांधलेले असतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांची अंदाजपत्रके पाहावीत, या शीर्षाखाली तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला हे टिपून घ्यावे. प्रत उपलब्ध होत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करावा. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. तरतूद वर्षानुवर्षे अखर्चित राहत असल्याचे दिसले, तर तुमच्या मागणीला त्याहून चांगला आधार नाही. लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसेल, तर समिती व सभा यांचे अधिकार प्रशासकाकडे असतात आणि पत्रव्यवहार त्यांच्याच नावे करावा लागतो.

सुविधांची मागणी आधी करण्याचे कारण सरळ आहे. नाट्यगृह, मैदान, उद्यान, अग्निशमन वाहन, पाण्याचे टँकर, फिरती स्वच्छतागृहे, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिका, पालिकेच्या फलकांवरील जागा या गोष्टी पालिकेकडे मुळातच असतात. त्या देताना नवा धनादेश काढावा लागत नाही आणि संस्थेच्या हाती पैसा गेल्याचा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही. तीन दिवसांच्या महोत्सवात सभागृहाचे भाडे, मैदानाचे शुल्क व स्वच्छता यांवरच अंदाजपत्रकाचा मोठा वाटा खर्च होतो, हे ज्याने एकदा हिशेब मांडला आहे त्याला सांगावे लागत नाही. येथे भाडेमाफी आणि अनामत रकमेतून सूट या दोन स्वतंत्र मागण्या आहेत. भाडे माफ झाले तरी अनामत भरावीच लागते असे अनेकदा घडते, म्हणून दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा करावा. प्रवेशासाठी तिकीट असेल तर तेही लपवू नये. विनामूल्य प्रवेशाच्या कार्यक्रमाला भाडेमाफी देणे प्रशासनाला सोपे जाते, आणि तिकीट ठेवायचेच असेल तर काही जागा महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्याची तयारी दाखवावी.

अर्ज करणारी संस्था नोंदणीकृत असावी. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडले की कागदपत्रांची बाजू बहुतेक पूर्ण होते. धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्यासाठीचा अर्ज) प्रलंबित असून जुनेच अध्यक्ष नोंदीवर असतील, तर सही कोणाची चालेल हे आधी निश्चित करावे.

अर्जाची भाषा मोजकी असावी. उदाहरणार्थ: ‘आमची संस्था दि. … ते दि. … या कालावधीत तीन दिवसांचा शास्त्रीय संगीत महोत्सव आयोजित करीत असून, प्रवेश विनामूल्य आहे. त्यासाठी महापालिकेच्या नाट्यगृहाचे भाडे माफ करावे, अनामत रकमेत सूट द्यावी, तसेच सांस्कृतिक कार्यक्रम या लेखाशीर्षांतर्गत कलाकारांच्या मानधनापोटी सहाय्य मंजूर करावे, ही विनंती.’ त्यानंतर अंदाजपत्रकाचा एक तक्ता द्यावा, ज्यात प्रत्येक खर्चापुढे तो संस्था, प्रायोजक की पालिका उचलणार हे लिहिलेले असेल. संस्थेच्या परंपरेवरील तीन पानी निबंध कोणी वाचत नाही. तो स्मरणिकेसाठी ठेवावा.

अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घ्यावा, कारण पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावरूनच होते. विभाग टिपणी तयार करतो, लेखा विभाग तरतुदीची खात्री करतो आणि गरजेनुसार प्रस्ताव आयुक्तांकडे किंवा स्थायी समितीकडे जातो. प्रभागातील नगरसेवकांना अर्जाची प्रत द्यावी, परंतु शिफारस एकाच पक्षाकडून आणू नये. तोंडी ‘होऊन जाईल’ या शब्दावर मांडववाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये, आणि लेखी आदेशाशिवाय पत्रिकेवर पालिकेचे बोधचिन्हही छापू नये. निवडणूक जाहीर होण्याची शक्यता असल्यास आदेश आचारसंहितेपूर्वी हाती पडेल असे पाहावे.

पालिकेचे सहाय्य म्हणजे इतर परवानग्या नव्हेत. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देता येते, आणि आपली तारीख त्या यादीत आहे का हे जिल्हाधिकारी कार्यालयात पाहावे लागते. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या भोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो, त्यामुळे मैदान निवडतानाच मोजणी करावी. उत्तररात्रीचे राग ऐकवायचे असतील तर बंदिस्त सभागृहाला पर्याय नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून, तर मांडवासाठी अग्निशमन विभागाची ना-हरकत वेगळी घ्यावी. चित्रपटगीते सादर होणार असतील तर स्वामित्वहक्काचा परवानाही लागतो. पारंपरिक बंदिशींसाठी तो प्रश्न सहसा उद्भवत नाही.

मंजूर झालेले रोख सहाय्य पुष्कळदा प्रतिपूर्ती म्हणून मिळते, म्हणजे खर्च आधी संस्थेने करायचा आणि देयके सादर केल्यावर रक्कम यायची. म्हणून तेवढी रक्कम तात्पुरती उभी करण्याची सोय आधीच हवी. प्रत्येक देयक संस्थेच्या नावे असावे, मानधन बँकेमार्फत द्यावे, आणि प्रमाणके, छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे व उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम मंजूर कारणासाठीच वापरल्याचा दाखला) यांचा संच महोत्सवानंतर महिन्याभरात सादर करावा. जानेवारी-फेब्रुवारीतील महोत्सवांनी तर 31 मार्चची वाटच पाहू नये, कारण वर्षअखेरीस लेखा विभागात देयकांची रांग लागते आणि अखर्चित तरतूद व्यपगत झाली, म्हणजे वर्ष संपताच रद्द झाली, की त्याच मंजुरीसाठी पुन्हा नव्याने प्रस्ताव फिरवावा लागतो. सादर केलेल्या या संचाची पोचपावती जपून ठेवावी आणि तिची प्रत पुढील वर्षाच्या अर्जाला जोडावी.