जबड्याच्या दुखण्यावर लेझर घेताय? आधी या चुका टाळा

कानात तेल घालून झालं, कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी जांभई देताना कानापुढे, म्हणजे जबड्याच्या सांध्यापाशी, कळ येतेच. असे पेशंट शेवटी आम्हा दंतवैद्यांकडे येतात आणि हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, यावर लेझर असतं ना?" असतं. मी स्वतः वापरते. पण ते कशासाठी आहे हे कुणी नीट सांगत नाही, आणि त्यात लोकांचा पैसा जातो, कधी मोलाचा वेळही जातो. ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निदानाआधीच लेझर सुरू करणं. सिडकोतले एक काका माझ्याकडे आले तेव्हा दुसरीकडे त्यांची आठ सेशन झाली होती आणि तोंड आणखीच कमी उघडत होतं. मी त्यांना स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली. निरोगी माणसाची ती सहज जातात, कारण तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. काकांचं दीड बोट जेमतेम गेलं. गालाच्या आतून बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ, पांढुरके पट्टे लागले. "मिसळ खाताना तोंडाची आग होते?" "दोन वर्षं झाली मिसळ सोडून," ते म्हणाले. नाशिकचा माणूस मिसळ सोडतो तेव्हा काहीतरी गंभीर असतं. त्यांचा सांधा बरा होता. सुपारी-गुटख्याने तोंडाचं अस्तर आवळत आणणारा सबम्यूकस फायब्रोसिस होता तो, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सरची शंका असलेल्या जागेवर हे लेझर द्यायचं नसतं.

जबड्यापाशी सूज, ताप, बधिरपणा, अचानक दात न जुळणं, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. पन्नाशीनंतर नव्याने कानशील ठणकायला लागलं आणि चावताना जबडा भरून येत असेल, तर थांबू नका. तो रक्तवाहिनीचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल तर हृदय तपासा.

दुसरी चूक आवाजाची. जबडा कटकट वाजतो पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर सहसा उपचाराची गरजच नसते. सांध्यातली सरकलेली चकती लेझरने जागेवर बसत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

मग लेझर करतं काय? हे कापणारं लेझर नव्हे. कमी शक्तीचा लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींपर्यंत पोचवायचा आणि दुखणं, दाह उतरवायला मदत करायची, एवढंच त्याचं काम. काही अभ्यासांत दुखणं कमी झालेलं दिसतं, काहींत खोट्या, म्हणजे बंद ठेवून नुसत्या धरलेल्या लेझरइतकाच फरक. २०२३ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. त्यांनी देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि हाताने दिलेली फिजिओथेरपी यांच्या बाजूने कौल दिला, लेझरविरुद्ध मात्र सशर्त सल्ला दिला. म्हणून मी नुसतं लेझर कधीच देत नाही. दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल, तर तेवढ्यापुरता आधार म्हणून देते.

सेशनमध्येही चुका होतात. गॉगल तुम्हालाही हवा आणि देणाऱ्यालाही, आणि तो त्याच लेझरच्या तरंगलांबीचा. साधा काळा चष्मा चालत नाही. गालावर बाम किंवा मेकअप लावून जाऊ नका. उन्हाने त्वचा भाजते अशी सूचना असलेली औषधं चालू असतील, दिवस गेले असतील, तर आधी सांगा. भाजल्यासारखं वाटलं तर लगेच हात वर करा. जास्त वेळ धरलं की जास्त गुण येतो, असं या प्रकाशाचं नाही. प्रमाणाबाहेर गेलं की परिणाम उलट घटतो.

वीस सेशनचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. पहिल्या दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडतं आणि दुखणं दहापैकी किती, हे लिहून ठेवायला सांगा. पाच-सहा सेशनांनंतर दोन्ही आकडे जागचे हलले नसतील तर आजाराचं निदानच पुन्हा तपासायला हवं.

आणि घरची चूक. इकडे लेझर, तिकडे रोज मूठमूठ चिवडा, ऊस, च्युइंगम. काही आठवडे मऊ भात, खिचडी, रश्श्यात पूर्ण भिजलेला पाव, असं चालू द्या. दहा मिनिटं कोमट फडक्याने शेक द्या. जेवण सोडून इतर वेळी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे हवेत. 'न' म्हणताना जीभ टेकते, तिथेच ती राहू द्या.

गंगापूर रोडवरच्या एका मुलीला झोपेत दात खायची सवय आहे असं घरचे सांगत होते. मी तिला मोबाइलच्या मागे लाल टिकली चिकटवायला सांगितली. टिकली दिसली की दात टेकलेत का बघायचं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, रात्रीचं सोडा, मी दिवसभरच दात आवळून बसते." तेव्हा तिची सहा सेशन झाली होती. सातवं मी दिलं नाही.