इतिहास शिकून एआयच्या कामात

माझं एम.ए. इतिहासातलं. आज मी एआयने लिहिलेली उत्तरं तपासते. ‘कला शाखा घेतली, आता पुढे काय?’ असं विचारणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

या कामात मला सर्वांत उपयोगी पडली ती साधनचिकित्सा, म्हणजे जुन्या कागदपत्रांवर किती विश्वास ठेवायचा याची पारख. कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं की नुसतं ऐकलं. आणि काय गाळलं? एआयच्या उत्तराला हे प्रश्न विचारावेच लागतात. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशोबाने ते उत्तर तयार होतं, म्हणून नसलेला संदर्भही खऱ्यासारखाच ठामपणे येतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले खरे समजून न्यायालयात सादर केले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. मूळ निकाल उघडून पाहण्याची सवय असती, तर ही वेळ आली नसती. ही सवय इतिहासाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून अंगी बाणवतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या मनाची. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलिझा’ हा संवाद साधणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले, आणि वायझेनबाउम अस्वस्थ झाले. ऐकून घेणारं कोणीतरी आपल्याला का हवं असतं, हे साहित्य आणि मानसशास्त्र शिकलेल्यांना जास्त नीट उलगडता येतं. अशी माणसं या कामात असायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं व्यवहाराचं. संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्या. सरासरी आणि नमुना म्हणजे काय हे कळलं नाही, तर चर्चेत तुम्ही मागे पडाल. निबंधाचा पहिला खर्डा मात्र स्वतःच लिहा. लिहिता लिहिताच आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते कळत जातं, आणि नेमकी तीच मेहनत यंत्रावर सोपवली तर शिकायचं राहून जातं. भाषा सफाईदार करायला नंतर खुशाल मदत घ्या.

मुलाखतीला जाताना पदवीसोबत केलेलं काम न्या. तुमच्या अभ्यासाचा एक विषय निवडा, एआयला त्यावर प्रश्न विचारा, प्रत्येक विधान मूळ साधनाशी ताडून पाहा आणि कुठे, का चुकलं याचं टिपण करा. आमच्याकडे उमेदवार निवडताना मी आधी असं टिपण मागते, गुणपत्रिका नंतर.