सिॲटलचा हिवाळा येतोय, कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्यात का?

सिॲटलमध्ये किंवा तळ्यापलीकडे बेलव्ह्यू-रेडमंडला राहत असाल, डेकवर दहाबारा कुंड्या आणि मागे दोन वाफे असतील, तर ही तयारी सप्टेंबरातच सुरू करा. सगळं वाचायचा कंटाळा आला असेल तर निदान डेकवर जाऊन कुंड्यांखालच्या ताटल्या काढून आणा. बाकीचं मग वाचा.

मी काढल्या नव्हत्या. डिसेंबर २०२३ मध्ये पाच आठवड्यांसाठी पुण्याला गेले. जाण्याआधी नळ झाकले, पन्हळी साफ केल्या, कढीपत्ता घरात घेतला आणि शेजाऱ्यांना किल्लीही दिली. ताटल्या मात्र राहिल्या, कारण पुण्यात कधी काढल्याच नव्हत्या. शिवाय डेकच्या लाकडावर डाग पडू नयेत म्हणून त्या मीच हौसेने घेतल्या होत्या. जानेवारीच्या मध्यात थंडीची लाट आली, पारा उणे आठच्या आसपास गेला. परत येऊन अंजिराची कुंडी उचलायला गेले तर कुंडी हातात आली आणि बूड खालीच राहिलं, ताटलीला चिकटून. मुळं चिमटीत धरून ओढली तर भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तशी वरची साल सरकून आली, आत नुसता दोरा. वास गटाराचा. रोझमेरीच्या दोन कुंड्यांचीही तीच गत. थंडीला मी पुष्कळ शिव्या दिल्या, पण अंजीर एवढी थंडी सहज काढतं. पाण्यात उभं राहून मात्र नाही.

इथला पाऊस आपल्याला फसवतो. वर्षाचा हिशोब साधारण १००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्माही नाही. आपण म्हणतो, एवढ्याशा पावसाने काय होतंय! पण आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं, ते पाणी पितं, मधूनच ऊन पडून माती वाफसते. इथे पाऊस ऑक्टोबरात येतो, झाड झोपायला लागतं तेव्हा. पाणी पिणारं कोणी नाही, वाळवायला ऊन नाही. ताटली एकदा भरली की मार्च-एप्रिलपर्यंत भरलेलीच. म्हणून ताटल्या काढा, आणि कुंडी सरळ डेकवर टेकवू नका, खाली विटेचे किंवा फरशीचे तीन तुकडे ठेवा. तीनच, चार ठेवले की कुंडी डुगडुगते. बुडाचं भोकही काडी घालून तपासा, मुळांनी बंद केलेलं असतं.

आता क्रमाने. कोथिंबीर, मेथी, पालक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरा. उशीर केलात तर उगवतील, पण बोटभर होऊन तशाच बसतील. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथला दिवस दहा तासांच्या खाली जातो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत वर येतो. मधल्या तीन महिन्यांत भाजी वाढत नाही, फक्त टिकते. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तिथे मेथीने तरी काय करावं. केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) आणि लीकची (कांद्याच्या जातीची) रोपं तर ऑगस्टमध्येच लावलेली हवीत. नसतील तर बाजारातून आणून खा, यंदाचा विषय संपला.

रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायला लागलं की, म्हणजे सप्टेंबर संपता संपता, तुळस, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा आत. आत घेण्याआधी पानं खालून-वरून साबणाच्या पाण्याने पुसा, नाहीतर मावा आणि खवले कीड पाहुणी म्हणून येते आणि मे महिन्यापर्यंत जात नाही. कढीपत्त्याची पानं गळतील. घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. घरातल्या कुंडीखाली ताटली लागतेच, नाहीतर जमीन खराब होईल, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती ओतून द्या. बाहेरच्या ताटल्या काढायच्या आहेत. बाहेरच्या.

वाफे उघडे ठेवू नका. उघड्या मातीवर चार महिने पाऊस पडला की वरचा थर सिमेंटसारखा बसतो आणि नत्र धुऊन खाली जातं. ऑक्टोबर उजाडायच्या सुमाराला क्रिम्सन क्लोव्हर किंवा फावा (घेवड्यासारखी एक शेंग) पेरा, ही हिरवळीच्या खताची पिकं. ते जमलं नाही तर पानं पसरा. मोठ्या मेपलची पानं ताटाएवढी असतात, अख्खी टाकलीत तर एकमेकांना चिकटून ताडपत्री होते, म्हणून त्यांच्यावरून मॉवर फिरवून तुकडे करा. ओल्या मातीवर पाय देऊ नका. इथे बऱ्याच ठिकाणी हातभर खाली हिमनदीने दाबलेला कडक थर आहे, पाणी मुळातच सावकाश मुरतं.

लसूण ऑक्टोबरच्या मध्यात. दुकानातली भाजीची लसूण नको, बियाण्याची आणा. पाकळी टोक वर करून दोन इंच खोल, सहा इंचांवर, वर पानांची दुलई. जुलैत काढायची. या हवेत एवढं बिनतक्रार पीक दुसरं नाही, जागा असेल तर जास्तच लावा.

डेलियाचे कंद काढायचे की ठेवायचे यावर इथे घरोघरी वाद आहेत, शहराचं अधिकृत फूलच आहे ते, १९१३ पासून. पाणी साचत असेल तर काढा, निचरा चांगला असेल तर वर जाड थर घालून ठेवा. कंद थंडीने कमी आणि ओलीने जास्त मरतात. हे वाक्य वाचून तुम्हाला ताटल्या आठवल्या नसतील तर परत पहिल्या परिच्छेदावर जा.

नोव्हेंबर सर्वांत ओला आणि वाऱ्याचाही. १९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळात लाखो घरांची वीज गेली होती. म्हणून नोव्हेंबर लागण्याआधी पन्हळी साफ करा, घरासमोरच्या गटाराच्या जाळीवरची पानं ओढा, उंच कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्या. (कुंडी हलवतच आहात तर खाली बघा. ताटली?) पाण्याची नळी नळापासून सोडवा, नुसता नळ बंद करून भागत नाही. नळावर फोमची टोपी.

खरी थंडी वर्षातून एकदोनदाच, डिसेंबर ते फेब्रुवारी. एरवी पूर्वेकडचा कॅस्केड पर्वत खंडाच्या आतली थंडी अडवतो, पण कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून वारा सुटला की दोन दिवसांत सगळं गोठतं. अंदाजात ‘फ्रेझर’ ऐकलंत की कुंड्या एकमेकींना चिकटवून भिंतीला लावा आणि जुनी चादर टाका. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका. पावसाचं पाणी ताटलीत असेल तर ते याच रात्री बर्फ होऊन मातीची कुंडी फोडतं, पण तुम्ही ताटल्या काढलेल्या आहेत, त्यामुळे झोपा.

जानेवारीत काही करू नका. बियाण्यांची पुस्तकं चाळा. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या (तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीच्या) आसपास गुलाब छाटायचे, मटार पेरायचे, गोगलगायींसाठी आयर्न फॉस्फेटचे दाणे टाकायचे. मार्चमध्ये क्लोव्हर कापून मातीत मिसळा. टोमॅटोची घाई नको, मे.

ताटल्या परत कधी ठेवायच्या? इथले लोक म्हणतात उन्हाळा पाच जुलैला लागतो, तेव्हाच. मग सप्टेंबरपर्यंत पाऊस जवळपास नसतो आणि कुंडी रोज पाणी मागते. माझ्या तोवर गॅरेजच्या दारामागे, धुऊन, एकात एक. अकरा आहेत. बारावी त्या अंजिराबरोबर गेली.