खातं बंद होत नाही, रिकामं होतं: बचत ठेवी आटवणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीजवळच्या एका बँकेच्या शाखेत मी कामाला होतो, तेव्हाची गोष्ट. बचत ठेवी का घटताहेत याचा खुलासा वरून मागवला होता, म्हणून मी जुन्या पेन्शनरांची खाती एकेक करून तपासत होतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकाजींच्या खात्यापाशी थांबलो. महिनाअखेरीला पेन्शन जमा. दोन-तीन तारखेला जवळपास सगळी रक्कम एनईएफटीने दुसऱ्या बँकेत. मागे आठ-नऊशे रुपये. सलग चौदा महिने हेच. त्याआधीची कितीतरी वर्षं त्या खात्यातली शिल्लक दीड लाखाच्या खाली गेली नव्हती.

चौदा महिन्यांच्या मागे जाऊन पाहिलं, तर मुदत ठेवीच्या व्याजातून टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच वळता केलेला कर, कापलेला. हा कर कापू नका असं कळवणारा १५एच फॉर्म काकाजींनी एप्रिलमध्येच काउंटरवर दिला होता. पोच कुणी दिली नव्हती, नोंद कुणी केली नव्हती. फॉर्म ड्रॉवरमधल्या गठ्ठ्यात रबर लावून तसाच पडला होता. तो गठ्ठा मीच सोडला. काकाजी त्यासाठी तीन चकरा मारून गेले होते. तिसऱ्या वेळी त्यांना उत्तर मिळालं, "रिटर्न भरा, परत मिळतील पैसे." ते भांडले नाहीत. तक्रारवहीत एक ओळ लिहिली नाही. खातंही बंद केलं नाही. तिथे पैसा ठेवणं तेवढं थांबवलं.

खातं बंद न होण्याची कारणं असतात. पेन्शन त्याच खात्यात येते, गॅसची सबसिडी तिथेच जोडलेली, कर्जाचा हप्ता तिथूनच कटतो. एवढं सगळं हलवायचा त्रास कोण घेईल? म्हणून शाखेच्या अहवालात खात्यांची संख्या वाढत असते आणि प्रत्येक खात्यातली सरासरी शिल्लक खाली येत असते. पहिला आकडा पाहून समाधान मानणं ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी.

दोष व्याजदरावर ढकलू नका

ठेवी घटल्या की बैठकीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "सर, समोरची बँक जास्त व्याज देते." बचत खात्यापुरतं हे कारण फार पुरत नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा दर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली. त्याआधी सगळीकडे एकच दर होता, चार टक्के. मोकळीक मिळाल्यावर काही बँकांनी सहा-सात टक्क्यांपर्यंतही दर दिले. तरी लोकांचा मोठा पैसा कमी दर देणाऱ्या मोठ्या बँकांतच राहिला. हिशेब करून पाहा. लाखावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाचशे रुपये, महिन्याला बेचाळीस. तेवढ्यासाठी नागपूरच्या महाल भागातला माणूस वीस वर्षांची बँक सोडत नाही. तो सोडतो तेव्हा त्याचं काहीतरी दुखावलेलं असतं.

मुदत ठेवीचं वेगळं आहे. तिथे पाच-दहा लाख ठेवणारा पाव टक्काही मोजतो आणि त्याचं बरोबरच आहे. पण मुदत ठेव कुठे करायची याची सुरुवात बहुतेक वेळा बचत खातं जिथे आहे तिथूनच होते, हे विसरू नये.

सेवेचा दर्जा मोजण्यासाठी पराशुरामन, झाइथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८८ मध्ये 'सर्व्हक्वाल' नावाची मोजपट्टी दिली. बावीस विधानं, पाच कसोट्या: सांगितलं ते होतं का, लवकर होतं का, समोरच्या माणसावर भरवसा वाटतो का, तो आपली अडचण समजून घेतो का, आणि जागा-साधनं कशी आहेत. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यातलं अंतर ही मोजपट्टी मोजते. आमच्याकडे शाखा सुधारायची म्हटली की पाचव्या कसोटीवर खर्च होतो: नवा रंग, नवे सोफे, काचेचं केबिन. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला गेलेला असताना, सावलीतली खुर्ची आणि थंड पाणी लागतंच. ते द्यायलाच हवं. पण बसलेल्या माणसाचं काम झालं नाही तर खुर्चीची आठवण घेऊन तो परत येत नाही.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या"

सर्व्हर खरोखर डाऊन असतो, हे मला माहीत आहे. चूक त्यापुढच्या दोन शब्दांत आहे. 'उद्या' म्हणजे किती वाजता, कुणाकडे, आणि उद्याही बंद असेल तर काय? मानेवाड्याहून दोन बस बदलून आलेल्या सत्तरीच्या बाईंना पासबुक छापून हवं असतं, कारण पेन्शनच्या फरकाची रक्कम जमा झाली की नाही ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. त्यांना "ॲपवर दिसते ना आजी" म्हणणं हे उत्तर नव्हे. पासबुक ठेवून घ्या, त्यांचा फोन नंबर घ्या, मशीन सुरू झालं की छापा आणि कळवा. आणि आत्ताच्या आत्ता शिल्लक किती आहे ते कागदावर लिहून द्या.

सत्तर वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच दिले आहेत. किती शाखांतले कर्मचारी ही गोष्ट आपणहून सांगतात? मी तरी फार थोडे पाहिले.

एटीएमचा प्रकारही असाच. पैसे खात्यातून गेले, मशीनमधून आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, तीही ग्राहकाने न मागता. हा नियम २०१९ चा आहे. काउंटरवरच्या माणसाने तो पहिल्या मिनिटाला सांगितला, तर घाबरून आलेला ग्राहक शांत होऊन जातो. "एटीएम आमचं नाही, त्या बँकेत जा" हे ऐकून गेलेला माणूस पुढच्या वेळी खात्यात जास्त रक्कम ठेवायला कचरतो.

एफडी करायला आलेल्याच्या हातात विम्याची पॉलिसी

यावर मी सौम्य बोलणार नाही. निवृत्तीचे पैसे घेऊन आलेला माणूस "पाच वर्षांची एफडी करा" म्हणतो आणि त्याला "एफडीपेक्षा चांगलं" म्हणून दरवर्षी हप्ता भरायचा विमा दिला जातो, तेव्हा शाखेचं त्या महिन्याचं टार्गेट होतं. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला की त्या माणसाला कळतं. मग तो एकटा जात नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कॉलनीत, एजी ऑफिसच्या (महालेखापाल कार्यालयाच्या) निवृत्तांच्या सकाळच्या फिरण्यात, मुलीच्या सासरी, सगळीकडे ही गोष्ट पोचते. ज्याने ठेव मागितली त्याला ठेव द्या. विमा विकायचा असेल तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर, हा विमा आहे असं मराठीत सांगून विका.

घरातलं माणूस गेल्यावर

ठेवी टिकतात की जातात हे ठरवणारा सगळ्यात मोठा क्षण हाच. नवरा गेलेली बाई मृत्यूचा दाखला, पासबुक आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत घालून येते. नॉमिनी म्हणून, म्हणजे खातेदारामागे पैसे घ्यायला नेमलेली व्यक्ती म्हणून, तिचं नाव खात्यात नोंदलेलं असतं. तरी तिला वारसा प्रमाणपत्र आणा, दोन जामीनदार आणा, मुलांच्या सह्या आणा असं सांगितलं जातं. नामनिर्देशन झालेल्या खात्यात हे काहीच मागायचं नसतं. दावेदाराची ओळख आणि मृत्यूचा पुरावा पाहायचा, आणि कोर्टाचा मनाई आदेश नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. नियम जुना आहे. पण काउंटरवरचा माणूस घाबरतो, उद्या कुणी भाऊबंद उभा राहिला तर काय म्हणून, आणि आपली भीती तो त्या बाईच्या डोक्यावर ठेवतो.

एका शाखेत अशी एक ताई पाचव्यांदा आली होती. तिच्या पिशवीतला दाखला घड्या पडून मधोमध फाटायला आला होता, कारण प्रत्येक वेळी तो उघडून दाखवायला लावला होता. त्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईंनी तिला आत बसवलं, एकाच फॉर्मवर सही घेतली, झेरॉक्स स्वतः काढवून घेतल्या आणि मूळ दाखला नव्या फोल्डरमध्ये घालून परत दिला. रक्कम चार लाखांच्या आसपास होती. ती कुठे नेणार असं कुणी विचारलं नाही. पंधरवड्यात ती मुलाला घेऊन आली आणि त्यातले तीन लाख तिथेच ठेवले, स्वतःच्या नावाने. मुलाचं खातंही उघडलं.

आणखी एक गोष्ट आवर्जून करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. जुन्या खातेदारांना फोन करून नामनिर्देशन तपासून घ्या. या फोनचा आणि ठेवींचा संबंध लगेच दिसत नाही, पण तो असतो.

लहान रकमा, मोठा राग

किमान शिल्लक नसल्याचा दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून महिनाभराची मुदत द्यावी लागते, आणि दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात असावा लागतो. निव्वळ दंडामुळे खातं उणे करता येत नाही. केवायसीचंही तेच: पत्ता-माहिती बदलली नसेल तर साधं स्वयंघोषणापत्र पुरतं. ते न सांगता खातं गोठवलं आणि त्याच आठवड्यात मुलाची कॉलेजची फी अडकली, तर ते घर ती फी विसरत नाही.

आकड्यांवरून दुखणं ओळखा

पगार किंवा पेन्शन जमा होते आणि तीन-चार दिवसांत दुसऱ्या बँकेत जाते: तुमच्या सेवेवरचा भरवसा गेला आहे. त्या खात्याचा मागचा इतिहास पाहा, कुठेतरी एक महिना सापडेल.

कळमन्याच्या बाजारातून सोयाबीन किंवा संत्र्याचे पैसे येतात आणि आठवड्यात सगळे रोख निघतात: शेतकऱ्याला कधीतरी "एवढी कॅश नाही, परवा या" असं ऐकावं लागलं असणार. आपला पैसा हवा तेव्हा मिळणार नाही अशी शंका आली की तो घरात ठेवणं त्याला बरं वाटतं. हंगामात रोकडीची तजवीज आधी करा.

३१ मार्चला ठेवी फुगतात आणि १५ एप्रिलला उतरतात: त्या ठेवी नव्हत्याच, ओळखीने मागून आणलेली शिल्लक होती. त्यावरून पुढच्या वर्षाचं टार्गेट ठरवू नका.

एका घराचा पैसा चार-पाच बँकांत विभागलेला: ही नेहमीच नाराजी नसते. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा या जिल्ह्याने पाहिला आहे. प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. सावध माणूस त्या हिशेबाने पैसा वाटून ठेवतो. त्याला समजावून आपल्याकडे ओढू नका. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही, हेही कुणी विचारलं तर खरं सांगा.

मग फोन करा. सहा महिन्यांत शिल्लक निम्म्यावर आलेली वीस खाती काढा. "पैसे का काढले?" असं विचारू नका, माणूस लगेच सावध होतो आणि "गरज होती" म्हणतो. विचारा, "मागच्या वेळी शाखेत आलात तेव्हा काय काम होतं? ते झालं का?"

रेल्वेच्या काकाजींना मी हेच विचारलं होतं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "पोच पाह्यजे होती भाऊ मले, फॉर्म देल्ल्याची." त्यानंतर आम्ही फॉर्मच्या दोन प्रती घ्यायला लागलो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. पुढच्या एप्रिलमध्ये ते आले, शिक्का उमटेपर्यंत काउंटरशी उभे राहिले, कागदाची घडी करून पासबुकात ठेवली आणि काही न बोलता गेले. मे महिन्याची पेन्शन नेहमीसारखी दुसरीकडे गेली. जूनमध्ये वीस हजार मागे राहिले.