पॉवर-पॉप बँड काढताय? आधी वाटणी लिहा, मग गिटार लावा

पॉवर-पॉप म्हणजे बीटल्सची चाल, द हू या ब्रिटिश बँडचा जोर आणि तीन मिनिटांच्या आत संपणारं गाणं. हा शब्द १९६७ मध्ये द हूच्या पीट टाउनशेंडने वापरला. त्यानंतर मेम्फिस, स्वान्सी, हॅलिफॅक्स, ग्लासगो अशा गावांतून या जातीचे उत्तम बँड निघाले. त्यांतले बरेच चालींत कमी पडले म्हणून बुडाले नाहीत, कागदांत कमी पडले म्हणून बुडाले. त्यामुळे सुरुवात कागदापासून.

गाणं तयार झालं की त्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी म्हणजे त्याचं ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि मालकही वेगळे असू शकतात. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी एक पानी वाटणीपत्र करा. त्यात गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कागदोपत्री नाव (स्टेजवरचं नाही), शब्दांचा वाटा, चालीचा वाटा आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. बेरीज बरोबर १०० यायला हवी. हे गाणं बसवून झालं त्याच आठवड्यात करायचं. गाणं चाललं की प्रत्येकाला आपली ओळ आठवायला लागते.

वाटणीचे दोन-तीन रिवाज आहेत. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा स्लोन हा बँड १९९१ पासून त्याच चौघांचा आहे. चौघेही लिहितात, गातात आणि पैसे समान वाटतात. मेम्फिसच्या बिग स्टारमध्ये अ‍ॅलेक्स चिल्टन आणि क्रिस बेल यांनी पहिल्या अल्बमवर बीटल्सच्या लेनन-मॅकार्टनीसारखं जोडनाव लावलं. फाउंटन्स ऑफ वेन या अमेरिकी बँडमध्ये कॉलिंगवुड आणि श्लेसिंगर बहुतेक गाणी स्वतंत्रपणे लिहायचे, श्रेय मात्र दोघांचं. आमचं मत सांगायचं तर ज्या बँडमध्ये एकच जण लिहितो, तिथे शब्द-चाल पूर्ण त्याची ठेवावी आणि मास्टर सगळ्यांत समान वाटावा. ढोलकऱ्याने गाण्याचा वेग बदलून ते सुधारलं, तर ती बांधणी झाली, रचना नाही. त्याचं मोल मास्टरच्या वाट्यात मिळतं. पण गिटारवाल्याची सुरुवातीची धून लोक गुणगुणत असतील, तर ती रचनाच आहे आणि तिथे टक्के द्यायला हवेत.

रचनेची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या मुंबईतल्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व गीतकार आणि संगीतकार या दोघांनाही घेता येतं. दोन्ही कामं एकच माणूस करत असेल तर दोन्ही भूमिका नोंदवा. एक नोंदवून दुसरी विसरणं ही फार नेहमीची चूक आहे. सदस्य होणं म्हणजे गाणी आपोआप नोंदली जाणं नव्हे. प्रत्येक गाणं वाटणीपत्राच्या आकड्यांनिशी वेगळं नोंदवावं लागतं. दोघांनी वेगवेगळे आकडे भरले, तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

आता गाणं. १४० बीपीएमला (मिनिटाला १४० मात्रा) चार मात्रांचा एक बार साधारण १.७ सेकंदांचा. सुरुवातीची धून ८ बार आणि कडवं १६ बार धरलं, तर ध्रुवपद ४१व्या सेकंदाला येतं. हेच गणित पुढे नेऊ: ध्रुवपद ८, दुसरं कडवं १६, पुन्हा ध्रुवपद ८, मधला तुकडा ८, सोलो ८, शेवटचं दुप्पट ध्रुवपद १६, निरोपाचे ४. एकूण ९२ बार, म्हणजे जेमतेम २ मिनिटं ३८ सेकंद. ध्रुवपद ५० सेकंदांच्या पुढे सरकत असेल तर दोष बहुतेक वेळा सुरुवातीच्या धूनमध्ये असतो. ती निम्मी करून बघा.

या शैलीचा हळवा काटा एका ठरावीक वळणात असतो. जी हा सा धरला तर सी मेजरच्या जागी शेवटच्या दोन मात्रांना सी मायनर वाजवा आणि जीवर परत या. आत काय घडतं? ध, कोमल ध, प असे सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली उतरतात. एका गाण्यात हे एकदा, फार तर दोनदा. दर ओळीला आलं की कान बधिर होतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावं लागतं. लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर पडला की शब्द ओळखू येत नाही. ‘तुला’ मधला ‘तु’ ताणून बघा. ध्रुवपदाचा सगळ्यात वरचा सूर आ किंवा ओ वर ठेवा. ईवर बहुतेक गळे आवळतात. सुदैवाने आपल्याकडे ‘आला, गेला, सांगा, येतो’ यांचा तुटवडा नाही.

ध्वनिमुद्रणात सर्वांत जास्त घोळ डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटवण्यात, होतो. खोलीत एकट्या गिटारला जेवढा गेन (फाटवण्याचं प्रमाण) छान वाटतो, त्याच्या निम्म्यावर या. कारण साधं आहे: डिस्टॉर्शन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर तयार करतं, आणि पूर्ण कॉर्डमधला गंधार त्यात खरखरीत होतो. हेवी मेटलवाले म्हणूनच सा-प वर भागवतात. पॉवर-पॉपला गंधार हवाच, त्यामुळे गेन कमी ठेवायचा आणि जाडी दुसऱ्या मार्गाने आणायची. तोच भाग दोनदा प्रत्यक्ष वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकाच टेकची (एका वेळच्या वाजवण्याची) नक्कल दोन्ही बाजूंना लावली तर आवाज मधोमधच येतो, रुंदी शून्य. दुसरा टेक वेगळ्या गिटारवर किंवा कॅपो (तारा दाबणारी चिमटी) लावून वेगळ्या घडणीत वाजवलात तर आणखी उत्तम. बारा तारांची गिटार असेल तर जी जोडीतली बारीक ऑक्टेव्ह तार सर्वांत आधी तुटते. तेवढीच सुटी तार दोन-तीन नग जवळ ठेवा, आणि दर टेकआधी सूर तपासा.

साथीच्या गायकांचा नियम: शब्दाच्या शेवटचे स, ट, च फक्त मुख्य गायकाने उच्चारायचे. पाच ट्रॅकवर पाच ‘स’ जरा मागे-पुढे पडले की सापाच्या फुत्कारासारखं ऐकू येतं. वरचा आवाज सरसकट तिसऱ्या सुरावर ढकलू नका. जिथे तो खालच्या कॉर्डशी भांडतो, तिथे त्याला कॉर्डमधल्या सुरावर वळवा. टाळ्या चार जणांनी, माइकपासून सहा-सात फुटांवर उभं राहून वाजवाव्यात.

बाहेरचा सॅक्सोफोनवाला किंवा निर्माता आला तर मानधन देतानाच सहीची पावती घ्या: काय वाजवलं, किती दिलं, मास्टरवर हक्क कोणाचा. निर्मात्याला पुढच्या उत्पन्नात टक्का द्यायचा असेल तर तो मास्टरमधून, रचनेतून नाही.

प्रकाशनाचं काम कंटाळवाणं पण सोपं आहे. २४ बिट वेव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ, आणि प्रकाशनाच्या चार आठवडे आधी वितरकाकडे (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) अपलोड. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं. आदल्या रात्री अपलोड केलं की ती संधी गेली. तिथे १२ महिन्यांत १००० वेळा वाजल्याशिवाय मास्टरचे पैसे सुरूच होत नाहीत, म्हणून एकदम बारा गाणी ओतण्यापेक्षा दोन-तीन गाण्यांमागे जोर लावा. प्रत्येक मुद्रणाला बारा अंक-अक्षरांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक असतो. पुढे वितरक बदलला तरी त्याच मुद्रणाला तोच क्रमांक द्या. नवा दिलात तर जुन्या ऐकण्यांचा हिशेब तुटतो. पुन्हा वाजवून मुद्रित केलंत तर मात्र नवा क्रमांक.

जुनं गाणं आपल्या ढंगात करायचा मोह होणारच. भारतीय कायद्यात कलम ३१सी नुसार, मूळ मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षं उलटल्याशिवाय कायद्याच्या परवान्यावर कव्हर करता येत नाही.

लेबलने करार पुढे केला की खरी परीक्षा. वेल्सच्या स्वान्सीतून आलेला बॅडफिंगर बीटल्सच्या अ‍ॅपल लेबलवर होता आणि त्यांची गाणी जगभर वाजत होती. पैशांची सगळी सूत्रं मात्र व्यवस्थापकाच्या हाती. १९७४ मध्ये अ‍ॅडव्हान्सच्या रकमेवरून वॉर्नर कंपनीशी वाद झाला आणि नवा अल्बम बाजारातून काढून घेतला गेला. एप्रिल १९७५ मध्ये गीतकार पीट हॅमने वयाच्या २७व्या वर्षी आत्महत्या केली. त्याने आणि बँडमधल्याच टॉम इव्हान्सने मिळून लिहिलेल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या रॉयल्टीवरून पुढेही भांडणं चालू राहिली. १९८३ मध्ये इव्हान्सनेही स्वतःला संपवलं. म्हणून बँडच्या खात्यावर व्यवस्थापकाची एकट्याची सही कधीच चालवू नका. हिशेब दर सहा महिन्यांनी, आणि वह्या तपासण्याचा हक्क करारात लिहून घ्या.

बिग स्टारची गोष्ट निराळी. १९७२ च्या पहिल्या अल्बमची समीक्षकांनी भरभरून स्तुती केली, पण वितरण इतकं ढिसाळ होतं की दुकानांत रेकॉर्ड मिळेनात. यावर उपाय कराराच्या मुदतीत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे कामाचं: करारात काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कंपनीचा वकील नेमकं हे ‘वेगळं’ लिहून आणतो. ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’ आणि ‘कलम १९(४) लागू नाही’ हे शब्द शोधा आणि खोडायला सांगा. शब्द-चालीच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर सही करूनही सोडता येत नाही. कोणी तसं कलम घातलंच असेल तर त्यावर वेळ न घालवता मास्टरच्या मुदतीवर बोला. दहा वर्षांवर ते आले तर पाचवर आणा, आणि प्रकाशनाची तारीख चुकली तर मास्टर बँडकडे परत, हे वाक्य सहीच्या आधी टंकून घ्या.